अकरा दिवस

मंडळी, आजचा लेख थोडा मोठा आहे. शनिवार असेल तर चहा घेऊन बसा, सोमवार असेल तर बॉस जेवायला गेल्यावर वाचा.

झालं असं की मार्चमधे मला एक ऑफर आली होती. पैसे चांगले, काम माझ्या आवडीचं. एचआरच्या बाईंनी सांगितलं, ४८ तासांत कळवा. मी आपला सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडून बसलो. एका कॉलमात फायदे, दुसऱ्यात तोटे, तिसऱ्यात 'विचार करू'. शुक्रवारी फोन करून म्हटलं, सोमवारपर्यंत वेळ मिळेल का? त्या म्हणाल्या, बघते. सोमवारी सकाळी मी होकार कळवला आणि अकरा वाजता मेल आला की पोझिशन होल्डवर गेली आहे. दोन दिवसांची किंमत. मित्र म्हणाला, "अबे, तू काऊन इतका विचार करते बे? हो म्हणून टाकायचं न!" (मित्र आमच्या गावचा आहे हे सांगायला नको.)

तेव्हापासून 'टायमिंग' हा शब्द डोक्यात घर करून बसला होता. मागच्या आठवड्यात घरी, म्हणजे चंद्रपूरला गेलो. पुण्याहून संध्याकाळची स्लीपर पकडायची, रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि सकाळी वरोऱ्याच्या आसपास डोळे उघडायचे, हा आमचा नेहमीचा क्रम. दुपारी बाबांची गाडी घेऊन बाजारात चाललो होतो. वाटेत जिल्हा कारागृह लागतं. लहानपणापासून हजारदा त्या रस्त्याने गेलोय. दर २१ ऑक्टोबरला तिथे गर्दी होते, पिवळे झेंडे दिसतात, गावागावांतून गोंड, माडिया मंडळी येतात. शाळेत असताना मला एवढंच माहीत होतं की इथे बाबुराव शेडमाके नावाच्या वीराला फाशी झाली. बस्स. त्या दिवशी का कोण जाणे, मनात हिशोब सुरू झाला. जन्म १२ मार्च १८३३, फाशी २१ ऑक्टोबर १८५८. म्हणजे पंचवीस वर्षं आणि सात महिने. मी अठ्ठावीसचा आहे. म्हणून या लेखात मी त्याला सरळ अरे-तुरे करणार आहे. अनादर म्हणून नव्हे, तो माझ्यापेक्षा लहान होता म्हणून.

घरी येऊन जुनी पुस्तकं काढली, नेटवर गॅझेटियर वाचलं आणि रविवार त्यातच गेला.

बाबुरावचं पूर्ण नाव बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके. जन्म अहेरीजवळच्या किष्टापूरचा, आईचं नाव जुर्जाकुंवर. घराणं राजगोंड, मोलमपल्लीची जमीनदारी. आता 'जमीनदार' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हिंदी सिनेमातला मिशीवाला येतो, पण चांद्याचे हे जमीनदार म्हणजे जंगलातल्या पन्नास-पाऊणशे गावांचे किंवा त्याहून कमी गावांचे वंशपरंपरेने चालत आलेले प्रमुख. शिकायला बाबुरावला रायपूरला पाठवलं होतं आणि तिथे तो थोडं इंग्रजी शिकला, असं सांगतात. म्हणजे घोटुलात वाढलेला आणि इंग्रजी शाळेत बसलेला मुलगा. दोन्हीकडची भाषा येणारा. असे लोक कोणत्याही सरकारला सगळ्यात जास्त अडचणीचे.

थोडी पार्श्वभूमी. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. औरस मुलगा नव्हता. डलहौसीसाहेबांनी १८५४ मधे राज्य खालसा केलं आणि त्याबरोबर चांदाही कंपनीकडे गेलं. (चांद्याचं अधिकृत 'चंद्रपूर' १९६४ साली झालं आणि गडचिरोली १९८२ मधे वेगळा जिल्हा झाला. १८५८ मधे हे सगळं एकच चांदा होतं.) म्हणजे बाबुराव विशीत असताना त्याच्या डोक्यावरचं सरकार बदललं. भोसल्यांच्या काळात जंगलात कोण काय करतं याकडे फारसं कोणी बघत नव्हतं. नवीन साहेब मात्र मोजायला लागले. जमीन, झाडं, महसूल, सगळं.

इथून पुढे मला टायमिंगची गंमत दिसायला लागली. गंमत म्हणायला नको खरं तर.

मे १८५७ मधे मेरठ आणि दिल्ली पेटली. नागपुरात बेत ठरला १३ जूनचा. घोडदळातले लोक कटात होते. मध्यरात्री शहरातून तीन आगीचे फुगे आकाशात सोडायचे आणि ते दिसले की उठाव करायचा. सिग्नल म्हणून काय सुंदर कल्पना आहे! पण नेमका त्याच दिवशी हुकूम सुटला की घोडदळाच्या एका तुकडीने सिवनीकडे कूच करायचं. कूच करायचं तर गडबड, गडबड झाली की संशय. तरी दाऊदखान नावाच्या दफेदाराला पायदळाला उठवायला पाठवलं. त्याने अंधारात ज्या पहिल्या शिपायाला हलवून जागं केलं, त्यानेच त्याला धरून साहेबाकडे नेलं. खेळ खलास. फुगे सुटलेच नाहीत. दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाई, तेव्हा चांगल्याच म्हाताऱ्या, त्यांनी आपल्या माणसांना बजावलं की कोणी कट करताना सापडलं तर मी स्वतः इंग्रजांच्या हवाली करीन. त्यांचा निर्णय झालेला होता. नागपूर गप्प बसलं.

प्रॉडक्शनमधे काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सहा महिने तयारी करायची आणि रिलीजच्या रात्री नेटवर्क टीमने भलतंच मेंटेनन्स काढायचं.

याच्या उलट बाजू बघा. ११ मे ला मेरठचे शिपाई दिल्लीत घुसले, तेव्हा तिथल्या तारघरातल्या दोन पोरांनी अंबाल्याला तार ठोकली. ती पुढे लाहोरला गेली. १३ मे ला सकाळी लाहोरजवळच्या मियां मीर छावणीत हिंदी पलटणींना परेडला बोलावून, समोर तोफा ठेवून, हत्यारं खाली ठेवायला लावली. त्या शिपायांना अजून धड बातमीही कळली नव्हती. म्हणजे एका बाजूला तार आणि दुसऱ्या बाजूला पायी चालणारा निरोप्या. आम्ही ज्याला लेटन्सी म्हणतो, त्यातल्या फरकावर पंजाब इंग्रजांच्या हातात राहिला. ही तार पुढे आपल्या गोष्टीतही येणार आहे, लक्षात ठेवा.

आता बाबुराव. आपल्याकडे सांगतात की त्याने २४ सप्टेंबर १८५७ ला 'जंगोम सेना' उभारली. गोंड, माडिया, काही रोहिले, मिळून पाचेकशे तरुण. ही तारीख खरी धरली तर मला ती फार चटका लावते. कारण २०-२१ सप्टेंबरला दिल्ली इंग्रजांनी परत घेतली होती आणि बहादूरशहा कैदेत होता. म्हणजे ज्या आठवड्यात उत्तरेतला उठाव कंबरेत मोडला, त्या आठवड्यात इथे जंगलात भरती चालू होती. दिल्लीहून बातमी चांद्याच्या जंगलात चार दिवसांत पोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे त्याने घेतलेला निर्णय जुन्या माहितीवर होता. आणि प्रत्यक्ष उठाव आणखी सहा महिन्यांनी, मार्च १८५८ मधे.

मार्च का? कागदपत्रांत याचं उत्तर मला सापडलं नाही, पण आमच्याकडचा मार्च ज्याने पाहिलाय तो अंदाज करू शकतो. सागाची पानं झडलेली असतात, मोह टपकायला लागतो, नद्या गुडघ्याएवढ्या होतात, माणसं एका गावाहून दुसऱ्या गावाला सहज जातात. जमवाजमव करायला उत्तम. पण मला, म्हणजे एसीत बसून लिहिणाऱ्या या महापंडिताला, असंही वाटतं की त्याने जूनपर्यंत थांबायला हवं होतं. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती एकदा भरल्या की त्या भागात त्या काळी कोणती पलटण जाणार होती? पण थांबला असता तर कदाचित त्याच्याआधी दुसऱ्या कोणी चुगली केली असती. नागपूरला तेच झालं होतं. ही सगळी उत्तरं मागाहून सुचतात, तेव्हा कोणाकडे एक्सेल शीट नव्हती.

मार्चच्या सुरुवातीलाच त्याने राजगड परगणा ताब्यात घेतला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. त्याने फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि इंग्रजी फौजेला माघार घ्यावी लागली. आदल्याच दिवशी बाबुराव पंचवीस वर्षांचा झाला होता. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. एप्रिलमधे सगणापूर, बामनपेठ. मूलजवळच्या गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून दगड गडगडत सोडून फौज परतवल्याची गोष्ट आजही तिकडे सांगतात. दोन महिने हा मुलगा जिंकत होता, ही गोष्ट आमच्या शाळेच्या पुस्तकात कधीच नव्हती. गॅझेटियरमधे तर सुरुवातच लुटालुटीपासून होते.

पण बाहेर काय चाललं होतं? मार्चमधेच लखनौ पडलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी पडली. म्हणजे इथे तो एक एक गाव जिंकत होता तेव्हा तिकडे हिंदुस्थानभर फौजा मोकळ्या होत होत्या. त्याला हे ठाऊक होतं का? असेलही. ठाऊक असून थांबला नसेल तर त्याचं गणित आपल्यासारखं नव्हतंच, असं म्हणावं लागेल.

२९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तीन साहेबांचा तळ होता. गार्टलंड, हॉल आणि पीटर. बंडवाल्यांनी तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. माझ्या मते या सगळ्या लढ्यातली हीच निर्णायक रात्र. का, ते दोन कारणांनी. एक, तारेवर हल्ला म्हणजे साहेबाच्या मज्जारज्जूवर हल्ला. त्या पोरांना मियां मीरची गोष्ट माहीत असेल-नसेल, पण तार काय करते हे बरोबर कळलं होतं. आणि दोन, दोन गोरे माणसं मेली. चकमकीत पलटण हरणं ही एक गोष्ट, तळावर झोपलेले नोकरदार मरणं ही दुसरी. ती दोघं काही सेनापती नव्हती. आजच्या भाषेत फील्ड इंजिनियर. माझ्या एका ओळखीच्या मुलाची नोकरी तीच आहे, टॉवरच्या साइटवर रात्री मुक्काम. त्यामुळे हा भाग वाचताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं, हे लपवत नाही.

निसटलेला पीटर क्रिक्टनला जाऊन मिळाला. क्रिक्टनने काय केलं? जंगलात पलटण पाठवून उपयोग नाही हे त्याला दोन महिन्यांत कळलं होतं. त्याने अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईंना पत्र धाडायला लावलं, की आम्हाला मदत करा. अहेरी म्हणजे चांद्यातली सगळ्यात मोठी जमीनदारी. मदत करा याचा अर्थ, नाही केलीत तर तुमचीही जमीनदारी जाईल, हे त्यांना न सांगता कळलं असणार.

इथे थांबून विचार करा. त्याच मे-जूनमधे एक लक्ष्मीबाई काल्पी-ग्वाल्हेरकडे घोड्यावर लढत होती आणि जूनच्या मध्यात पडली. दुसरी लक्ष्मीबाई अहेरीच्या वाड्यात साहेबाचं पत्र हातात घेऊन बसली होती. पहिलीवर आपण कविता पाठ केल्या. दुसरीला गावाकडे लोक नावं ठेवतात आणि मीही ठेवत आलोय. पण तिचं गणित करून बघितलं तर? दिल्ली गेली, लखनौ गेलं, झाशी गेली. नवरा नाही. शेजारचे दोन जमीनदार बंडात, त्यांचं भवितव्य दिसतंय. तिने निर्णय घेतला आणि वेळेत घेतला. तिच्या माणसांनी बाबुरावला भोपाळपट्टणमला पकडलं, तो निसटला. पावसाळाभर जंगलात राहिला. १८ सप्टेंबरला पुन्हा पकडला गेला आणि या वेळी चांद्याला पोचला. व्यंकटरावची जप्त झालेली जमीनदारी, ६७ गावं, बक्षीस म्हणून अहेरीला मिळाली. शुद्ध व्यवहाराने बघायचं तर या गोष्टीत सगळ्यात अचूक टायमिंग तिचं होतं. हे लिहिताना हात अडखळतो, पण आहे ते आहे.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला.

२१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात बाबुरावला फाशी दिली. गावोगाव सांगतात की तीनदा दोर तुटला, कारण त्याने ताडव्याचं फूल खाल्लं होतं आणि त्याचा देह वज्राचा झाला होता. आजीने मला ही गोष्ट इतकी मन लावून सांगितली होती की दोर तुटण्याचा आवाज मला ऐकू यायचा.

बरोबर अकरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ ला, लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादला राणीचा जाहीरनामा वाचला. कंपनी सरकार संपलं, राणीचं सरकार आलं. कायदा लंडनमधे २ ऑगस्टलाच मंजूर झाला होता, म्हणजे बाबुराव पावसात जंगलात भटकत होता तेव्हा त्याला फाशी देणारी कंपनी कागदावर मोडीत निघाली होती. त्या जाहीरनाम्यात माफी होती. १ जानेवारीच्या आत घरी परतणाऱ्या सामान्य बंडवाल्यांना बिनशर्त. पुढाऱ्यांना शिक्षा होईल, पण जीव घेणार नाही. फक्त ब्रिटिश प्रजेच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचं सिद्ध झालं असेल त्यांना माफी नाही.

म्हणजे परत चिंचगुंडी. ती एक रात्र झाली नसती तर बाबुराव पुढाऱ्यांत मोडला असता, जीव वाचला असता. झाली होती, त्यामुळे ते खून त्याच्या खात्यावर टाकून कदाचित त्याला अकरा दिवसांनीही लटकवलंच असतं. मी त्या बाजूने बराच वेळ विचार केला. पण व्यंकटरावाकडे बघा. तोही तितकाच पुढारी, त्याच बंडातला. तो बस्तरमधे पळाला, पकडला गेला आणि एप्रिल १८६० मधे चांद्याला आला. आईने रदबदली केली, जमीनदारी गेली, जन्मठेप झाली. पण फाशी नाही. साहेब तोच, गुन्हा जवळपास तोच. फरक दीड वर्षाचा. १८५८ च्या ऑक्टोबरात सरकारला भीती घालायची होती, १८६० मधे कारभार करायचा होता.

बाबुराव आणखी दोन महिने जंगलात टिकला असता तर? भोपाळपट्टणमहून निसटल्यावर तो पूर्वेला, व्यंकटरावासारखा खोल बस्तरमधे गेला असता तर? तो परत का आला, हेच मला कळत नाही. आई इकडे होती, बायको इकडे होती, माणसं इकडे होती. बहुतेक एवढंच उत्तर असेल.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांनी पेपर खाली न ठेवता ऐकलं. ते आयुष्यभर सरकारी नोकरीत, अर्धी वर्षं गडचिरोलीत काढलेली. म्हणाले, "एटापल्लीला होतो तेव्हा एका म्हाताऱ्याला मी हेच बोललो होतो. बाबुराव पळून गेला असता तर वाचला असता म्हणून. तर तो हसला. म्हणाला, साहेब, मग तुम्ही मला त्याच्याबद्दल कशाला विचारलं असतं?" एवढं बोलून बाबा परत पेपरात शिरले.

व्यंकटरावचा जन्मदिवस कोणाला माहीत नाही, हे खरं आहे. बाबुरावच्या जन्मदिवशी, १२ मार्च २००९ ला, टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं. पण त्याने पंचविसाव्या वर्षी तिकिटाचा विचार केला नव्हता, आणि जुर्जाकुंवरला तिकीट नको होतं, मुलगा हवा होता. दोन्ही खरं आहे आणि या दोन्हीची बेरीज मला करता आली नाही.

रविवारी संध्याकाळी बाबा बसपर्यंत सोडायला आले. आईने डब्यात वडा-भात दिला होता. बस जटपुरा गेटकडून निघाली तेव्हा कोटावर शेवटचं ऊन होतं. या कोटाने १८१८ चा मे महिनाही पाहिलाय. तेव्हा दुसरा बाजीराव चांद्याच्या आसऱ्याला यायला निघाला होता आणि पोचूच शकला नाही. पांढरकवड्याजवळ शिवणीला त्याची फौज फुटली आणि महिन्याभरात चांद्याच्या तटाला खिंडार पडलं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी, आज आधीच फार झालं.

हो, एक राहिलं. नागपूरच्या एका कंपनीची ऑफर आहे. पैसे पुण्यापेक्षा कमी, पण घर अडीच-तीन तासांवर. उत्तर सोमवारी सकाळी दहापर्यंत द्यायचं होतं. वरोरा गेल्यावर फोनला रेंज होती तेवढ्यात, डब्याचा हात पुसून, रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी मी 'हो' पाठवून दिलं. शीट उघडली नाही. पुण्यातल्या घरमालकांना अजून सांगायचंय.